आमच्या भोंग्यावरची बाई

मार्च लागला की भरवेलीत दोन वास एकदमच येतात. एक मोहाचा. पहाटे झाडांखाली फुलांचा सडा पडलेला असतो आणि त्याचा गोड, किंचित आंबूस वास आमच्या क्वार्टरांपर्यंत येऊन दिवसभर घुटमळतो. दुसरा वास खाणीच्या रस्त्याचा. दुपारी टँकर पाणी मारून गेला म्हणजे तापलेल्या काळ्या धुळीतून मँगनीजचा असा वास उठतो, जणू कुणी जिभेवर खिळा ठेवलाय. हे दोन वास एकमेकांत मिसळले, की मी वह्या काढून बसते. त्यांच्या पाठोपाठ परीक्षा येते.

यंदा बी.ए.चं शेवटचं वर्ष. आमच्या घरातून याआधी कुणी कॉलेजच्या फाटकातून आत गेलेलं नाही, म्हणून माझी परीक्षा ही घरातल्या सगळ्यांची परीक्षा असते. माय मला चुलीजवळ फिरकू देत नाही. बाबा रेडिओचा आवाज कमी करतात, आणि तो इतका कमी करतात की मग त्यांनाच रेडिओला कान लावून बसावं लागतं. माझी सगळी शाळा हिंदीत झाली. मराठी घरात बोलायची, आणि तीही अशी, की शहरातल्या मराठी मुली ऐकून गालात हसतात. त्यामुळे हे लिहिताना मी दर वाक्याला थांबते आहे. पण जे सांगायचं आहे ते याच भाषेत घडलं. दुसऱ्या भाषेत मला ते सांगता येणार नाही.

धास्ती यंदा नुसती परीक्षेची नाही. होळीला मायनं सांगितलं, "मामा येनार हाय रविवारी. रामपायलीचं ठिकाण घेऊन. पोरगा मास्तर हाय." मला जबलपूरला जाऊन एम.ए. करायचं आहे, हे अजून मी फक्त स्वतःला सांगितलं होतं. तेही हळू आवाजात.

अभ्यासाला कोपरा हवा म्हणून मागची खोली आवरायला घेतली. तांदळाच्या रिकाम्या पोत्यांमागे बाबांचा जुना भोंगा होता, आणि भोंग्याच्या मागे मांडवाच्या गुलाबी कापडात बांधलेलं एक गाठोडं. गाठ सोडली. आत गाण्यांच्या चार मोठ्या तबकड्या. मी तिथेच फरशीवर बसले. आवरायचं राहिलं ते राहिलंच.

एकीच्या वेष्टनावर डोळे नसलेला निळा घोडा. एकीवर नुसता धूर. एकीचं वेष्टन कधीच हरवलं होतं, तिला मायनं जुन्या कॅलेंडरच्या पानाचं पाकीट शिवलं होतं. अजून त्यावर कुठल्या तरी वर्षाचा ऑगस्ट महिना आहे. आणि ती एक, जिच्या चित्रात बर्फाच्या मोकळ्या माळावर एकच लाकडी खुर्ची ठेवलेली आहे. खुर्चीवर कुणी नाही. वर बँडचं नाव झाडाच्या मुळांसारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत. ते मला शाळेत असताना वाचता आलं नव्हतं आणि, खरं सांगते, आजही नीट वाचता येत नाही. ही गाणी कधी रेडिओवर ऐकली नाहीत. कुणाच्या तोंडी ऐकली नाहीत. जगात ती फक्त आमच्याकडेच वाजत होती, असं मला कित्येक दिवस वाटत असे.

तबकड्या आल्या त्या खाणीच्या साहेबाच्या बंगल्यातून. बाबा खाणीच्या वर्कशॉपात फिटर, आणि सुट्टीच्या दिवशी लाउडस्पीकरवाले. लग्न, बारसं, जयंती, कुणाचा निरोप, भोंगा त्यांचाच. साहेबांची बदली झाली तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमालाही तोच होता. ट्रकमध्ये सामान चढत असताना बाईसाहेबांनी हे गाठोडं बाबांच्या हातात दिलं. "सुखदेव, ये ले जाओ, तुम्हारे काम आएगा. हमारे यहाँ अब कोई सुनता नहीं." बाबांनी ते सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलं. मायनं उघडून पाहिलं आणि म्हणाली, "एवढे मोठाले तवे! याच्यावर तं खरंच पोळ्या होतीन."

इथे बाबांच्या मशीनबद्दल सांगायला हवं. रेकॉर्ड प्लेअरला एक छोटी पट्टी असते. ती सरकवली की तबकडी कमी-जास्त वेगानं फिरते. लग्नात वरातीतली पोरं ही पट्टी मुद्दाम सरकवायची. गाणारी मध्येच चिमणीसारखी चिवचिवायची, नाहीतर रेड्यासारखी रेकायची, मांडवभर हशा पिकायचा आणि मुलीचा बाप बाबांच्या अंगावर धावून यायचा. एका लगीनसराईत बाबा इतके वैतागले, की त्यांनी पट्टीला भोक पाडलं आणि ती पंचेचाळीसच्या खुणेवर स्क्रूनं पिळून टाकली. त्यांच्या पेटीतल्या सगळ्या तबकड्या लहान, दोन-चार गाण्यांच्या. त्या तिथेच नीट वाजायच्या. "आता वाजन तं बरोबरच वाजन," म्हणत त्यांनी पेचकस खिशात टाकला. खाणीत एखादं चाक नीट बसलं की ते ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात.

त्या मशीनवर, तीन वर्षांपूर्वी, माझ्या अकरावीच्या बोर्डाच्या उन्हाळ्यात (आमच्याकडे शाळा अकरावीलाच संपते), खुर्चीवाली तबकडी पहिल्यांदा वाजली.

आधी ढोल. पुलावरून मालगाडी जावी तसे, पण ती गाडी पळत सुटलेली. मग वर्कशॉपात लोखंड घासताना ठिणग्या उडतात तसली गिटार. आणि मग ती. बारीक, तारेसारखा ताणलेला आवाज, एका दमात बोलणारा. भांडायला निघालेली बाई, घाईत चप्पल घालायची राहिलेली. आमच्या मागच्या अंगणापलीकडे सरकारी नळ आहे. तिथे भरत असलेले पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, बायकांनी तसेच वाहू दिले. शेजारच्या कौसल्याकाकू कुंपणाशी आल्या.

"काय वो शालू, हे कोन बाई हाय? कोनावर एवढी कावून राह्यली?"

"मले नाही समजत काकू. इंग्रजी हाय."

"इंग्रजी असो का चिनी. सासूवर कावली हाय, ऐक ना."

"सासूवर नाही, नवऱ्यावर," नळावरून दुसरी म्हणाली. "सासूवर कावलेली बाई एवढ्या मोठ्यानं बोलते काय?"

त्या दिवसापासून ती 'बाई' झाली. तिला दुसरं नाव कधी लागलंच नाही. मला तिचे फार थोडे शब्द कळायचे. पण एका गाण्यात ती नुसतं 'नो' म्हणते. पुन्हा, पुन्हा, दर वेळी एक पायरी वर चढत. तेवढं इंग्रजी भरवेलीच्या शाळेतही शिकवत होते.

तबकडीच्या मधल्या गोल कागदावर बारीक अक्षरांत तेहतीस आणि एक तृतीयांश असं छापलेलं होतं. आमच्या बोर्डात पास व्हायला तेहतीस लागतात. मी त्याचा अर्थ सरळ लावला. बाईनं मला पास करून वर थोडे दयेचे मार्क दिले आहेत. तबकडी मी गणिताच्या पुस्तकावर ठेवू लागले. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा आमच्या वस्तीत परीक्षेसाठी याहून वेड्या गोष्टी करणारी मुलं होती. एक मुलगा पेपर संपेपर्यंत नखं कापायचा नाही.

परीक्षेच्या दिवसांत भोंगे बंद असत. सरकारी जीप गावातून सांगून जायची. पण एप्रिलमध्ये जयंती, आणि त्या दिवशी भोंगा घरघरला तर बाबांना वस्तीत तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून ते रविवारी दुपारी मागच्या अंगणात मशीन मांडायचे आणि भोंगा तोंड खाली करून भुशाच्या पोत्यावर पालथा ठेवायचे. निम्मा आवाज भुसा गिळायचा, उरलेला आमच्या घरापुरता असायचा. जयंतीच्या तबकड्या घासल्या जाऊ नयेत म्हणून तपासणीला साहेबाच्या तबकड्या. त्यामुळे त्या सबंध हंगामात मी बीजगणित, इतिहास, नदीकाठची शहरं, सगळं बाईच्या सोबतीनं पाठ केलं. अजून एखादी सनावळी आठवायची असेल तर आधी तिची गिटार वाजते आणि मग साल येतं.

मामा वाईट माणूस नव्हते, आजही नाहीत. तुमसरहून बसनं येताना आमच्यासाठी न विसरता शेव आणायचे. त्या वर्षी ते शेवेबरोबर एक मुलगा घेऊन आले, म्हणजे त्याची माहिती. लालबर्‍याच्या राईस मिलमध्ये कामाला, दारू पीत नाही, घर स्वतःचं.

"आन परीक्षा?" मायनं विचारलं. तिनं विचारलं हेच खूप.

"परीक्षा पुढच्या सालीबी येते, ताई. असा पोरगा नाही येत."

पाहुणे रविवारी आले. सोमवारी माझा गणिताचा पेपर. मायनं तिचं हिरवं लुगडं मला नेसवलं, ते खांद्यावरून सारखं घसरत होतं. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत गेले आणि खाली मान घालून बसले. डोक्यात अक्ष आणि क्ष फिरत होते. मागच्या अंगणात बाबांनी मशीन लावलं होतं. मामांनी नको म्हणूनही लावलं होतं. बाबा मामांपुढे कधी बोलत नसत. ते वयानं लहान नसूनही जरा वाकूनच असायचे. त्या दिवशीही ते बोलले नाहीत. फक्त मशीन लावलं.

"स्वयंपाक येते काय पोरीले?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"सगळं येते," मामा म्हणाले.

"शिकली कितवी?"

"अकरावी झाली समजा."

हे 'समजा' मला लागलं. चार वर्षं कंदिलाच्या काजळीत, लाइट गेल्यावर, नळावरच्या भांडणांत बसून केलेला अभ्यास मामांनी एका शब्दात संपवून टाकला होता. मी म्हटलं, "नाही झाली. उद्या पेपर हाय." कुणाला ऐकू गेलं नाही. मागे बाईचं ते गाणं सुरू झालं होतं, 'नो'चं, आणि ती पायऱ्या चढत होती.

"काय म्हनते?" पाहुणे पुढे वाकले.

"काही नाही, लाजते," मामा म्हणाले, आणि आतल्या बाजूला ओरडले, "भाऊजी! बंद करा ना जी ते!"

"टेस्टिंग सुरू हाय," अंगणातून बाबा.

"अरे पन पोरगी काय म्हनून राह्यली ते तं ऐकू द्या!"

मग मी छातीत होता नव्हता तेवढा वारा भरला आणि ओरडले, "मले पेपर द्याचा हाय! मले नाही कराचं लगन!"

तबकडीवर दोन गाण्यांच्या मध्ये एक गुळगुळीत पट्टा असतो. सुई त्यावरून चालते तेव्हा काही वाजत नाही, नुसती खरखर. बाईचं शेवटचं 'नो' संपलं, सुई त्या पट्ट्यावर आली, आणि नेमका तिथे माझा आवाज पडला. बाईला ऐकू जावं म्हणून काढलेला आवाज शांततेत पडला. नळावरच्या बादल्यांचा खणखणाट थांबला. पलीकडच्या क्वार्टरात कुणीतरी खोकता खोकता गप्प झालं. आणि मी स्वतःचा आवाज पहिल्यांदा बाहेरून ऐकला. बारीक, तारेसारखा ताणलेला. मी दचकले. तो तिच्यासारखाच होता.

पुढचं गाणं सुरू झालं. बाबा चिंधीनं हात पुसत दारात येऊन उभे राहिले.

"ऐकू आलं ना समद्याइले?" ते म्हणाले. "पाहुणे, च्या घ्या. थंडा होते. मंग पोरीले गणित कराचं हाय."

पाहुण्यांनी चहा घेतला. मामांनी घेतला नाही. ते तसेच बसस्टँडवर गेले आणि पुढचे कित्येक सणवार आमच्याकडे आले नाहीत. माय माझ्याशी बोलायची, पण माझ्याकडे न पाहता. जेवायला वाढताना ताट जरा आपटायची. मी सेकंड डिव्हिजनमध्ये पास झाले. कौसल्याकाकूंनी कुंपणावरून गुळाचा खडा दिला आणि हसत म्हणाल्या, "बाईनं तारलं तुले." मी हसले नाही. मला ते खरंच वाटत होतं. कुठल्याशा थंड देशात, बर्फाच्या माळावर, त्या रिकाम्या खुर्चीवरून उठून एक बाई आली होती आणि त्या रविवारी माझ्या मागे उभी राहिली होती. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं. पण कॉलेजात पहिल्या दिवशी वर्गात जाताना, सायकलच्या चाकानं उडालेल्या काळ्या धुळीचा माझ्या सलवारीवरचा पट्टा पाहून मुली बाजूला सरकल्या, तेव्हा मी मनात तिचं ते गाणं लावलं आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. आजही तिथेच बसते. पट्टा रोज धुते, रोज पडतो.

मग कॅसेटी आल्या. बाबांनी टेप घेतला. तबकड्या गुलाबी कापडात गेल्या आणि मी त्यांना विसरले. विसरले म्हणजे, बाई माझ्यात इतकी मुरली होती की तिला वेगळं आठवायची गरज पडली नाही.

आता ती पुन्हा हातात आली, आणि मामा रविवारी येणार. मला ती ऐकायचीच होती. बाबांना विचारलं तर म्हणाले, "सुई कवाचीच मेली." म्हणून शनिवारी दुपारी खुर्चीवाली तबकडी कापडी पिशवीत घालून, पिशवी हँडलला न लावता गळ्यात अडकवून, मी बालाघाटला मीनलकडे गेले.

मीनल माझ्या वर्गातली. तिचे आजोबा वकील, वडील वकील, बाहेरच्या खोलीत मराठी पुस्तकांचं काचेचं कपाट. मला तिच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसायची सवय आहे. तिचा दादा जबलपूरला इंजिनिअरिंगला. तो सुट्टीत आला होता आणि त्याचा स्टिरिओ खोलीच्या अर्ध्या भिंतीएवढा. त्यानं तबकडी उजेडात धरून पाहिली.

"काय हालत केलीय हिची! पण कुठे मिळाली तुला? या बँडचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नाही. मीच कुठल्या तरी मासिकात दोन ओळी वाचल्यात."

त्यानं मऊ कापडानं ती पुसली, अगदी बाळाला पुसावं तशी, आणि सुई ठेवली.

ढोल आले. पण मालगाडी पळत नव्हती. ती चढावर दमली होती. गिटारीच्या ठिणग्या नव्हत्या, नुसता धूर होता. आणि मग एक माणूस गायला लागला. जाड आवाजाचा, सर्दी झालेला, दिवसभराचा थकलेला माणूस.

"ही ती नाही," मी म्हटलं. "यात एक बाई गाते."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मग तबकडीकडे. मग त्याला एकदम कळलं.

"तुमच्याकडे पंचेचाळीसवर लावायचे?"

"हो. तिथे स्क्रू आहे."

"स्क्रू!" तो पलंगावर बसला आणि हसू लागला. वाईट हसला नाही, त्याला आवरेना. "अगं, ही तेहतीसची आहे! इथे लिहिलंय बघ, तेहतीस आणि एक तृतीयांश, मिनिटाला इतके फेरे. पंचेचाळीसवर लावलं तर आवाज चढणारच. हा बाप्या आहे, बाप्या! इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांनी चुकीचं ऐकलंत."

ते गाणं आलं. तो माणूस 'नो' म्हणत होता, पण कसं? पंगतीत पोट भरलेला पाहुणा वाढप्याला भात नको म्हणतो तसं. पायऱ्या होत्या, पण तो त्या उतरत होता की चढत होता ते कळत नव्हतं. माझे कान तापले. मला तो रविवार आठवला, हिरवं लुगडं, मामांचं 'समजा'. म्हणजे त्या दिवशी माझ्या मागे कुणीच उभं नव्हतं. एक सर्दी झालेला माणूस होता, आणि तो कुणावर कावलेला नव्हता.

"ही माझ्याकडे राहू दे," दादा म्हणत होता. "तुमच्याकडे खराब होईल. मी तुला बरोबर स्पीडला कॅसेट भरून देतो."

मी लायब्ररीतसुद्धा पुस्तकाला हात लावण्याआधी विचारते. कुणाच्या घरची वस्तू न विचारता उचलावी, हे माझ्या हातून होत नाही. पण त्या दुपारी माझा हात पुढे गेला, त्या चकचकीत यंत्रावरची पट्टी मी शोधली आणि पंचेचाळीसवर सरकवली.

ती आली. चप्पल न घालता, धावत.

"अय्या!" मीनल उभीच राहिली. "ही कोण?"

"आमची बाई," मी म्हटलं.

"असं ऐकायचं नसतं, शालिनी," दादा म्हणाला. आता तो हसत नव्हता. "ज्यानं गायलंय त्याचा अपमान आहे तो."

"त्याचं गाणं तुम्ही ऐका," मी म्हटलं. बोलता बोलता वेष्टन हातात घेतलं. "चांगलं आहे, दुःखाचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण आम्ही जे ऐकलं तेही वाजलंच होतं ना? खोटं कसं?" गाणं संपेपर्यंत मी उभी राहिले, मग तबकडी वेष्टनात घातली. "आणि ही मी घरी नेते."

परतताना वारा समोरून होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पळस पेटलेला. दादासमोर मी जे बोलले त्यावर माझा स्वतःचा पुरता विश्वास बसला होता असं नाही. सायकल मारताना मनात पुन्हा पुन्हा तेच येत होतं. माझं 'नाही' एका चुकीवर उभं आहे का? लगीनसराईतल्या टवाळ पोरांमुळे बाबांनी स्क्रू मारला, स्क्रूमुळे बाप्याची बाई झाली, बाईमुळे मी ओरडले. एवढ्या लटपटत्या पायांवर मी कॉलेजची तीन वर्षं उभी केली?

मग मला राग आला, आणि रागानं चढ सोपा गेला. आमच्यापर्यंत कुठली गोष्ट बरोबर वेगानं आली आहे? तबकड्या आल्या त्या दुसऱ्याला नको झाल्यावर. पुस्तकं आली ती मागच्या तीन मुलांच्या खुणांसकट. ज्यांच्या घरी आजोबांपासून कपाटं आहेत, त्यांच्या चालीनं शिकवतात, आम्ही मागे धापा टाकतो, आणि वर 'तुमचे उच्चार चुकतात' हे ऐकतो. ठीक आहे. पण मिळालेली वस्तू आम्ही आमच्या मशीनवर लावली आणि तिच्यातून आम्हाला हवा तो आवाज निघाला, यात चोरी कसली? त्या थंड देशातल्या माणसाला रडावंसं वाटलं, तो रडला. आमच्या नळावर रडून भागत नव्हतं. तिथे कुणीतरी कावायला हवं होतं. ती बाई त्याच्या देशात जन्मलीच नव्हती. ती भरवेलीत, आमच्या मागच्या अंगणात, भुशाच्या पोत्यावर जन्मली.

घरी पोचले तर अंगणात बाबा. समोर जुनं मशीन, झाकण उघडं. गाठोडं बाहेर आलेलं पाहून त्यांनी कुठल्याशा मोडक्या प्लेअरची सुई काढून याला बसवली होती.

"आन तो तवा," ते म्हणाले.

मी त्यांना सगळं सांगितलं. तेहतीस काय, पंचेचाळीस काय, बाप्या काय. ते ऐकत राहिले. मग स्क्रूवर अंगठा फिरवला.

"म्हंजे माह्यी चूक झाली," ते हळूच म्हणाले. "काढू काय हा स्क्रू?"

"राहू द्या, बाबा."

त्यांनी भोंगा भुशाच्या पोत्यावर पालथा ठेवला आणि सुई टेकवली. ढोल धावत सुटले. नळावरून कौसल्याकाकू ओरडल्या, "आली वो, आली! बाई आली!" आणि गुंड तसाच सोडून कुंपणाशी आल्या. केस पिकलेत त्यांचे आता. मला वाटलं, यांना खोटं ऐकू देणं बरं नाही.

"काकू, हे बाई नाही म्हनतात. मी आज बालाघाटले ऐकून आली. मानूस हाय तो."

काकूंनी मान तिरपी करून थोडा वेळ ऐकलं. बाई पहिल्या पायरीवर होती. दुसऱ्या. तिसऱ्या.

"असन तिकडं मानूस," त्या म्हणाल्या. "आमच्या भोंग्यावर ते बाईच हाय."

आणि गुंड उचलायला निघून गेल्या. त्यांच्यापुरता प्रश्न मिटला होता.

मी पायरीवर बसले. आत माय तांदूळ निवडत होती, आणि मला वाटलं, गाण्याकडे तिचाही एक कान आहे, कारण सूप बराच वेळ हललं नव्हतं. गाणं संपलं. सुई त्या गुळगुळीत पट्ट्यावर आली. खरखर. बाबांनी माझ्याकडे न पाहता, चिंधीनं हात पुसत विचारलं,

"उद्या मामा येनार हाय. टेस्टिंग ठेवू काय?"

"नको बाबा," मी म्हटलं. "उद्या मी बिनाभोंग्याची बोलीन."